अमेरिकेतली 'खास' काडतुसं आणि आपलं .३२

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांमागे त्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर रीतसर तुमच्या परवान्यावर आलं, देवगडजवळ बागेतल्या घरात तुम्ही दोघंच राहता, आणि अमेरिकेतला भाचा चतुर्थीला येताना 'आत गेल्यावर पाकळ्या उघडणारी' मूठभर काडतुसं आणतो म्हणतोय. चालतील का, आणि खडकीच्या सरकारी कारखान्यातल्या काडतुसांपेक्षा भारी का?

त्याला आजच फोन करा आणि नको म्हणून सांगा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १० मध्ये स्वतःच्या वापरापुरता दारूगोळा सोबत आणायची थोडी मुभा आहे, पण ती ज्याला इथे तो बाळगायचा हक्क आहे त्याला. भाच्याकडे इथला परवाना नाही आणि काडतुसं त्याच्या वापराचीही नाहीत. बॅगेत चुकून राहिलेल्या एखाद्या काडतुसाच्या प्रकरणांत 'जाणीवपूर्वक ताबा नव्हता' म्हणून कोर्टाने लोकांना सोडलंय. मामासाठी मुद्दाम आणलेल्याला ती पळवाट कुठून मिळणार? नुसती शिसाची टोकं आणली तरी सुटका नाही, काडतुसाचे भागही कायद्याच्या लेखी दारूगोळाच.

त्यातून ही नवलाईची काडतुसं बहुतेक ९ मिमीत निघतात, आणि ते आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं प्रतिबंधित माप. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित दारूगोळा बाळगण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल १४. तिकडे '.३२' म्हणून दुकानात मागितलं तर पिस्तुलाचं .३२ एसीपीसुद्धा हातात पडू शकतं. आपल्या रिव्हॉल्व्हरला लागतं ते .३२ एस अँड डब्ल्यू लाँग.

'पोकळ टोकाची, म्हणजे आत गेल्यावर उमलणारी, गोळी आंतरराष्ट्रीय कायद्याने बंद आहे' असंही कुणीतरी तुम्हाला ऐकवेल. तो १८९९ चा हेगचा जाहीरनामा, कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या गोळीवरून वाद पेटला तेव्हाचा. तो लढाईतल्या सैन्यांना लागू, देवगडच्या बागायतदाराला नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मधल्या प्रतिबंधित दारूगोळ्याच्या व्याख्येत विषारी द्रव, वायू 'किंवा तत्सम पदार्थ' भरलेली काडतुसं, बॉम्ब, रॉकेट आणि सरकार अधिसूचनेने ठरवेल त्या वस्तू आहेत. उमलणाऱ्या गोळीचं नाव तिथे नाही. पण तेवढ्यावरून ती आणायची वाट मोकळी होत नाही, कलम १० आहेच.

आता 'भारी' असण्याबद्दल. ३० मार्च १९८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर .२२ च्या सहा गोळ्या झाडल्या गेल्या, सगळ्या टोकात स्फोटक भरलेल्या. रेगनच्या छातीत शिरलेली फुटलीच नाही. सहापैकी एकच फुटली असं मानतात. एका पोलिसाच्या मानेतली न फुटलेली गोळी मात्र डॉक्टरांना जीव मुठीत धरून काढावी लागली.

११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेची, दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यातून सगळ्यांनी धडा घेतला. एजंटची ९ मिमीची, चांगली उमलणारी गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या किंचित अलीकडे थांबली. जखम प्राणघातक होती, तरी तो लढत राहिला आणि त्यानंतर त्याने दोन एजंट मारले. गोळी उमलली, पण पोचली नाही. त्यानंतर एफबीआयने चाचणीसाठी मांसासारख्या मऊ जिलेटिनच्या (स्फोटकाच्या नव्हे) ठोकळ्यात किमान १२ आणि कमाल १८ इंच शिरण्याचा निकष धरला. बारीक छर्रे भरलेली ग्लेझर गोळी ५-६ इंचांतच संपते. पाकळ्यावाल्यांच्या पाकळ्याही वरवरच पसरतात, खोल जातो तो फक्त बुडाचा तुकडा. जाहिरातीत नेमक्या पाकळ्याच दाखवतात.

हे झालं ९ मिमीचं, जिथे वेग तरी आहे. आपल्या .३२ ची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची आणि वेग सेकंदाला २०० मीटरच्या थोडा वर. एवढ्या वेगात पोकळ टोक धड उमलत नाही, आणि उमललंच तर आत जायला जोर उरत नाही. साधी शिसाची गोळी निदान सरळ आत जाते. गोळी आरपार जाऊन शेजाऱ्याला लागेल ही भीती तिकडच्या पुठ्ठ्यासारख्या भिंतींच्या घरांत वाढली. तुमच्या जांभ्याच्या भिंतीला ती नको. दारं-खिडक्यांकडे तेवढं लक्ष असू द्या.

आपल्या किनाऱ्यावर काडतुसाचा खरा शत्रू खारी हवा. वडिलांच्या कातडी पट्ट्यातली काडतुसं काढून उजेडात धरा. पितळेवर, विशेषतः कडेला, हिरवट राप चढला असेल. कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि पावसाळी दमट हवा मिळून ते होतं. असं काडतूस चेंबरात अडकतं किंवा उडतच नाही. पुसून तेल लावायचा मोह टाळा, कारण झिरपणारं तेल बुडाच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत उतरलं की ती मेली. कातड्यात ठेवूच नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या दर पावसाळ्याआधी बदला. घोडा पडूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, लगेच उघडू नका.

बागेत येणाऱ्या वानरांवर हे रिव्हॉल्व्हर काढू नका. स्वसंरक्षणाचा परवाना वेगळा, शेती संरक्षणाचा वेगळा. आणि माणसावर वेळ आलीच, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ प्रमाणे बचावाला लागेल तेवढंच बळ वापरता येतं. तेव्हा 'गोळी परदेशातून खास का मागवली?' हा प्रश्न सरकारी वकील पहिल्यांदा विचारेल.

रापलेली काडतुसं विहिरीत किंवा खाडीत टाकू नका, परवान्यावरचा हिशोब जुळायला हवा. परवानाधारक दुकानदाराला दाखवा, जमा करायची असतील तर पोलीस ठाण्यातून लेखी पोच घ्या, आणि नवीन खडकीची परवान्यावर नोंदवूनच आणा.