प्रतिकारशक्ती कमी झाली, की उलटली?

प्रश्न निपाणीजवळच्या एका वाचक भगिनीचा आहे. त्या लिहितात : "आईच्या बोटांचे सांधे बरेच दिवस सुजत होते. बेळगावच्या डॉक्टरांनी आमवात सांगितला आणि 'हा ऑटोइम्यून आजार आहे' म्हणाले. घरी सगळे म्हणतात, 'अंगातली पावर कमी झालीया.' पण गोळ्या दिल्यात त्या प्रतिकारशक्ती दाबायच्या, त्यातली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची. मुळात कमीच असेल तर आणखी दाबायची कशाला? ऑटोइम्यूनला नेमका मराठी शब्द कोणता? शेजारच्या कन्नड काकू 'रोगनिरोधक शक्ती' म्हणतात, ती आणि आपली प्रतिकारशक्ती एकच का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी देतो. होय, एकच. कन्नडमधला 'निरोधक' म्हणजे अडवणारा. मराठीत अशा जागी आपण बहुधा 'प्रतिबंधक' म्हणतो : प्रतिबंधक लस, प्रतिबंधक उपाय. 'प्रतिकार' या शब्दात अडवण्यापेक्षा समोरून तोंड देण्याचा भाव जास्त. छटा वेगळी, वस्तू तीच. दोन्ही भाषांनी पुढे जोडलेलं नाम मात्र एकच आहे, 'शक्ती'. तुमच्या घरात जो घोळ झाला आहे तो या शेवटच्या दोन अक्षरांतून आला आहे, असं माझं मत आहे.

मराठीत शक्ती काय काय करते ते पाहा. ती येते, जाते, वाढते, घटते, एकवटते, खर्च होते. शक्ती बिघडली असं आपण म्हणत नाही. शक्तीने चुकीच्या माणसाला ओळखलं, शक्ती आवरेना झाली, शक्तीला लगाम राहिला नाही, यातलं पहिलं तर मराठीत ऐकूही येणार नाही. नाम आपली क्रियापदं बरोबर घेऊन येतं. एकदा 'शक्ती' म्हटलं की दुखण्याचा विचार कमी आणि जास्त या दोनच टोकांत फिरतो. माणूस आजारी पडला, म्हणजे शक्ती कमी झाली. कमी झाली, म्हणजे वाढवायला हवी. तुमच्या घरच्यांचा तर्क चुकलेला नाही. शब्दाने दिलेल्या वाटेने ते सरळ चालत गेले.

गंमत अशी की 'इम्युनिटी' या मूळ शब्दात शक्ती कुठेच नाही. लॅटिनमध्ये 'इम्युनिस' म्हणजे ज्याला सरकारी सेवा आणि करभार माफ झाला आहे तो. देवी येऊन गेलेल्या माणसाला त्या सहसा पुन्हा येत नाहीत, त्याला जणू माफी मिळाली, असा तो विचार. आपल्या भागाला हा इतिहास परका नाही. टिळकवाडीतल्या ज्या मैदानाला आपण 'व्हॅक्सिन डेपो' म्हणतो, ते नाव तिथे देवीची लस तयार होत असे त्यावरून आलं. आणि 'लस' हा तर अस्सल घरगुती शब्द. फोडातून, जखमेतून जे पातळ पाणी येतं ती लस. देवी टोचताना फोडातला तसाच द्रव वापरत, म्हणून तेच नाव औषधाला लागलं आणि आज सगळ्याच लसींना पुरलं.

आता तुमच्या आईच्या आजाराकडे येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॉल एर्लिक या मोठ्या जर्मन शास्त्रज्ञाचं मत होतं की शरीर स्वतःवर हल्ला करणं कटाक्षाने टाळतं. त्याने त्याला 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असं भारदस्त लॅटिन नाव दिलं. त्या नावाचं वजन इतकं पडलं की शरीर स्वतःवर चाल करूही शकतं, हे मानायला वैद्यकाला अर्धशतक लागलं. १९५६ मध्ये नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना सशाच्याच थायरॉइडचा अर्क टोचला, तेव्हा त्या सशांच्या शरीरांनी स्वतःच्या थायरॉइडवर हल्ला केलेला दिसला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉइट आणि डोनियाक यांच्या गटाला हाशिमोटो या थायरॉइडच्या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, सापडली. आमवात, त्वचा-सांधे-मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना धरणारा ल्युपस, लहानपणी येणारा टाइप वन मधुमेह ही याच कुळातली दुखणी. आईच्या सांध्यांत प्रतिकार कमी पडलेला नाही. तो नको तिथे, नको तितका चालू आहे. म्हणून गोळ्या तो दाबतात.

यावर घरात कुणी म्हणेल, "बायकांची प्रतिकारशक्ती मुळातच नाजूक." उलट आहे. ऑटोइम्यून रुग्णांत पाचातल्या सुमारे चार स्त्रिया असतात हे खरं, पण लस दिल्यावर सरासरीने जास्त प्रतिपिंडं स्त्रियांच्याच शरीरात तयार होतात. स्त्रीच्या पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एकाला गप्प ठेवणारा 'झिस्ट' नावाचा आरएनए असतो. त्याला चिकटलेली प्रथिनं या आजारांना हातभार लावत असावीत, असं स्टॅनफर्डच्या हॉवर्ड चँग यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं. संशोधन पुढे चालूच आहे, पण 'नाजूक' हा शब्द तिथे बसत नाही एवढं नक्की.

मग प्रतिकार आवरतं कोण? २०२५ चं वैद्यकाचं नोबेल याच प्रश्नाच्या उत्तराला मिळालं. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये अशा टी पेशी (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दाखवून दिल्या, ज्यांचं काम लढणं नसून लढणाऱ्यांना आवर घालणं आहे. मेरी ब्रन्कोव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. ते बिघडलं की या आवरणाऱ्या पेशी नीट घडत नाहीत आणि कोवळ्या मुलग्यांना आयपेक्स नावाचा गंभीर ऑटोइम्यून आजार होतो. इथे 'शक्ती'ची भाषा कशी कोलमडते ते बघा. बाळात काहीतरी कमी आहे, आणि त्या कमीमुळेच हल्ला जास्त आहे. 'प्रतिकारशक्ती कमी' म्हणा की 'जास्त' म्हणा, दोन्ही वाक्यं अपुरी पडतात.

याहून गुंतागुंतीचं उदाहरण करोनाने दिलं. २०२० मध्ये ज्याँ-लोराँ कासानोव्हा यांच्या गटाने अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती, आणि त्यात बहुतेक पुरुष होते. इंटरफेरॉन हे विषाणूविरुद्धचं शरीराचं अगदी पहिलं हत्यार. म्हणजे प्रतिकार आधी स्वतःवर उलटला, आणि उलटल्यामुळे विषाणूपुढे कमी पडला. कॅन्सरमध्ये आणखी निराळं दिसतं. तिथे टी पेशी हजर असतात, पण दीर्घ झुंजीने थकून गप्प झालेल्या असतात. त्यांच्यावरचा आवर सैल करणाऱ्या औषधांच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. तीच औषधं घेताना काही रुग्णांचं थायरॉइड किंवा मोठं आतडं सुजतं, कारण सैल सोडलेला प्रतिकार घरातही शिरतो.

एवढं सगळं 'शक्ती'च्या गळ्यात घालता येणार नाही. म्हणून मी 'प्रतिकारयंत्रणा' हा शब्द सुचवतो. शास्त्राच्या पुस्तकांत 'प्रतिरक्षा', 'प्रतिक्षमता' असेही शब्द दिसतात. ते चूक नाहीत, पण खानापूरच्या बाजारात कुणाच्या तोंडी मी ते ऐकलेले नाहीत. यंत्रणा आपल्याला ठाऊक आहे, आणि तिच्याबरोबर क्रियापदांचा मोठा गोतावळा येतो : यंत्रणा बिघडते, सुस्तावते, उगाच धावपळ करते, भलत्याच्या मागे लागते, पुन्हा मार्गी लावता येते. एचआयव्ही, केमोथेरपी, वर्षानुवर्षं हाताबाहेर गेलेली शुगर, यांत 'प्रतिकारशक्ती कमी झाली' हे वाक्य खरं आहे आणि ते तसंच राहू द्यावं. बाकी ठिकाणी 'प्रतिकारयंत्रणा बिघडली' म्हणावं आणि पुढे कशी बिघडली ते सांगावं.

आता 'ऑटोइम्यून'. छापील मराठीत 'स्वयंप्रतिकार' किंवा 'स्वयंप्रतिरक्षा' दिसतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. मराठीत 'स्वयं' बहुतेक ठिकाणी कर्त्याकडे बोट दाखवतं. स्वयंचलित म्हणजे आपोआप चालणारं, स्वयंसेवक म्हणजे आपणहून सेवा करणारा. या चालीने 'स्वयंप्रतिकार' वाचणाऱ्याला वाटेल, शरीर आपणहून प्रतिकार करतं आहे, म्हणजे चांगलंच की! जिथे क्रियेचा रोख स्वतःवर असतो तिथे आपण 'आत्म' घेतो : आत्मपरीक्षण, आत्मघात. पण 'आत्मघातकी आजार' हे नाव दुखणाईताच्या कानावर घालण्यासारखं नाही.

मला त्यापेक्षा 'उलटणे' हे आपलं साधं क्रियापद जास्त भावतं. पाळलेलं जनावर धन्यावर उलटतं, औषध उलटतं. आपलंच, आपल्या बाजूचं असलेलं काहीतरी आपल्यावर येणं, हा अर्थ त्यात आधीपासून आहे. 'आईची प्रतिकारयंत्रणा तिच्याच सांध्यांवर उलटली आहे' हे वाक्य आजीलाही समजेल आणि डॉक्टरलाही चुकीचं वाटणार नाही. नामच हवं असेल तर 'उलटा प्रतिकार' म्हणा. फक्त एक जपा. 'दुखणं उलटलं' याचा अर्थ बरं होत आलेलं दुखणं पुन्हा आलं असा होतो, तेव्हा कर्ता 'दुखणं' नको, 'प्रतिकार' किंवा 'प्रतिकारयंत्रणा' हवा, आणि कशावर उलटली तेही सांगायला हवं. केसपेपरवर आणि डॉक्टरांशी बोलताना मात्र 'ऑटोइम्यून' हाच शब्द ठेवा. आपल्याकडे एक डॉक्टर मराठी बोलतो, दुसरा कन्नड, तपासणीचा कागद इंग्रजीत असतो. तिघांना जोडणारा तो शब्द आहे, तो भाषांतरात हरवू देऊ नका.

क्रियापद बदललं की माणसं काय करतात तेही बदलतं, म्हणून मी यावर एवढा जोर देतो आहे. करोनाच्या काळात 'शक्ती वाढवायची' म्हणून घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला, कन्नड शेजाऱ्यांनी तीच वेल 'अमृतबळ्ळी' म्हणून घेतली. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं आणि ती इजा ऑटोइम्यून धाटणीची दिसत होती. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक रुग्णालयांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला होता, तेही सांगायला हवं. पण ज्या घरात प्रतिकार उलटलेला आहे, तिथे डॉक्टरांना न विचारता 'प्रतिकार वाढवणारं' काहीही देऊ नये, एवढं तर शब्दाच्या अर्थावरूनच निघतं. गोळ्यांनी जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढतो हे खरं आहे. म्हणून ताप आला तर लगेच कळवायचं असतं, गोळ्या मनाने थांबवायच्या नसतात.

अलीकडच्या एका प्रयोगाचं वर्णन तर 'शक्ती'च्या भाषेत करताच येत नाही. जर्मनीतल्या एर्लांगेनला गेओर्ग शेट यांच्या गटाने रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांना प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी ओळखून संपवायला शिकवलं आणि त्या परत सोडल्या. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यात ८ ल्युपसचे होते, बाकी स्नायूंच्या दाहाचे आणि सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे, म्हणजे त्वचा कडक होत जाणाऱ्या आजाराचे. बी पेशी काही महिन्यांनी पुन्हा आल्या, पण त्या कोऱ्या होत्या, आणि सगळ्यांची प्रतिकार दाबणारी औषधं थांबवता आली. रुग्ण थोडेच आहेत, उपचार फार महाग आहे, आमवाताला तो आज लागूही नाही. पण त्याला शक्ती वाढवली म्हणाल की कमी केली? यंत्रणा नव्याने बसवली, असंच म्हणावं लागतं.

लेखनाचंही सांगून टाकतो. 'रोगप्रतिकारशक्ती' हा समास, तो जोडून लिहावा. 'रोगप्रतिकारक शक्ती' यात पहिलं विशेषण आहे, म्हणून मध्ये जागा सोडावी. 'प्रतिकारयंत्रणा' जोडूनच.

आणि मेथोट्रेक्सेटबद्दल, कारण आपल्या सीमाभागात इथे भाषेची एक खरी खाच आहे. कन्नडमध्ये 'वार' म्हणजे आठवडा, मराठीत 'वार' म्हणजे सोमवार, मंगळवार. औषध देणाऱ्याने कन्नडमध्ये 'वारक्कोम्मे' सांगितलं तर ते 'आठवड्यातून एकदा' असतं. ऐकणाऱ्याने ते 'प्रत्येक वारी' असं घेतलं तर गोळी रोज पोटात जाईल, आणि ही गोळी रोज घेणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांनी जो वार ठरवून दिला असेल त्याचं नाव, रविवार तर रविवार, गोळ्यांच्या पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, आणि काकूंकडून शेजारी कन्नडमध्येही लिहून घ्या.