वाचकांचे प्रश्न : समुद्रावरची लढाई रंगत का नाही?

प्रश्न : आम्ही पाच जण दर शनिवारी सदाशिव पेठेत एका मित्राच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गोष्ट रचत फाशांवर खेळायचा खेळ खेळतो आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मी असतो. मोहीम समुद्रावर नेली, तेव्हा पहिल्याच लढाईत सुकाणू धरणारा खेळाडू सोडून बाकीचे जांभया देत बसले. शेवटी जादूगाराने फायरबॉल, म्हणजे मंत्राने आगीचा गोळा टाकून चाच्यांचे जहाज जाळले आणि सगळे आटोपले. पुढची लढाई रंगावी यासाठी काय करावे?

उत्तर : खेळाडूंना दोष देऊ नये, कारण आपल्या लढाईत जहाज बुडवण्यावाचून दुसरे साध्यच नव्हते. २०१४ च्या डीएम मार्गदर्शिकेनुसार शिडाच्या जहाजाला ३०० हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचे गुण) असतात आणि एका घावाची हानी १५ पेक्षा कमी भरली तर ती मोजलीच जात नाही. तेव्हा तलवारवाल्याने लाकूड कितीही ठोकले तरी त्याची पाळी फुकटच जाते.

आपल्या किनाऱ्यावर लढाया अशा होत नसत. १६७९ च्या ऑक्टोबरमध्ये खांदेरी बेटाजवळ नांगरून पडलेल्या इंग्रज जहाजांवर मराठ्यांची वल्ह्यांची जहाजे चालून गेली, डव्ह नावाची गुराब (दोन-तीन डोलकाठ्यांचे लढाऊ जहाज) त्यांच्या हाती लागली, आणि रिव्हेंज ही मोठी फ्रिगेट मात्र एकटी झुंजत टिकून राहिली. पुढे आंग्र्यांच्या आरमारात गलबते, म्हणजे लहान वल्ह्यांची जहाजे, वल्ही मारत गुराबा ओढून शत्रूच्या पिछाडीला नेत, कारण तिथे तोफा थोड्या. मग दोर आणि शिडे तोडून माणसे वर चढत. या क्रमात प्रत्येक खेळाडूला काम आहे. एकाने सुकाणू धरावे, दुसऱ्याने खलाशांकडून शिडे ओढून घ्यावीत, तिसऱ्याने बॅलिस्टाचा (मोठे बाण फेकणाऱ्या यंत्राचा) नेम शत्रूच्या डोलकाठीवर धरावा, आणि तलवारवाल्याने गळ फेकण्याइतके अंतर उरेपर्यंत दम धरावा.

फायरबॉलचा पल्ला १५० फूट आहे. तेवढ्या जवळ पेटलेल्या जहाजाच्या ठिणग्या वारा आपल्याकडे असेल तर आपल्याच शिडांवर येतात, हे जादूगाराला एकदा अनुभवू द्यावे. त्यातून शत्रूच्या जहाजाच्या तळात ओलीस असतील, तर तो आग लावण्याआधी सोबत्यांना विचारेलच.

वाऱ्याची नोंद कागदावर न ठेवता टेबलावर ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे निळी चादर अंथरून जहाजांच्या जागी कॅरमच्या सोंगट्या मांडतात आणि आगपेटीच्या काडीचे गुल ज्या दिशेला, त्या दिशेला वारा वाहतो असे मानतात. दर फेरीला सहा बाजूंच्या फाशावर एक पडला की काडी थोडी वळते. एवढ्याशा काडीवरून आमच्याकडे तलवारींपेक्षा जास्त वादावादी झाली आहे.

प्रश्न : प्रवासाचे दिवस मोजून कंटाळा येतो. ते सरळ गाळावेत का?

उत्तर : बहुतेक गाळावेत. त्याच नियमांत शिडाचे जहाज ताशी २ मैल, म्हणजे अहोरात्र चालले तर दिवसाला ४८ मैल जाते. एका टप्प्याला एकच प्रसंग पुरे. दिवसांपेक्षा वेळ निवडू द्यावी. कोकणात रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो व दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. म्हणून पहारेकऱ्यांना चुकवून बंदराबाहेर पडायचे तर पहाटेच, आणि उशीर झाला तर वल्ही मारण्यावाचून गत्यंतर नाही. पावसाळ्यात मात्र जहाज किनाऱ्यावर ओढून ठेवावे आणि नारळी पौर्णिमेपर्यंतची साहसे डोंगरातल्या गुहांमध्ये घडवावीत. गळती लागलेला तळ दुरुस्त करायला सुतार आणि पैसे शोधणे, एवढ्यावर आमची दोन सत्रे आरामात गेली होती.