पुढच्या चाकातून घूं घूं आवाज येतोय, बेअरिंग की टायर?

तुम्ही लिहिलंय की साठच्या पुढं गाडी गेली की पुढच्या डाव्या चाकातून घूंऽऽ असा आवाज येतो, सर्व्हिस सेंटरवाले बेअरिंग म्हणतात, ओळखीचा मिस्त्री टायर म्हणतो, तर कुणाचं ऐकू आणि खर्च किती येईल. माझं मत विचाराल तर सध्या दोघांचंही ऐकू नका. दोघांपैकी कुणी तुमच्या शेजारी बसून गाडी साठच्या पुढं नेलीय असं तुमच्या प्रश्नात कुठंही दिसत नाही. रॅम्पवर गाडी चढवून चाक हातानं हलवलं आणि "हलतंय" किंवा "हलत नाही" असं सांगितलं, याला तपासणी म्हणत नाहीत.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातायचं काम करतो. स्पिंडलचं (मशिनच्या फिरत्या दांड्याचं) बेअरिंग जायला लागलं की जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर रेघ उमटायच्या आधी आवाज बदलतो, हे आमच्याकडं नवीन पोरगंसुद्धा महिन्याभरात शिकतं. पण गाडीचा विषय निघाला की मला गप्प बसवलं जातं, कारण माझ्याकडं शिक्का मारलेलं बिल नसतं. हे आमच्या दाजींमुळं.

दाजी सांगलीत शामरावनगरला राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी वाढायला लागलं तेव्हा मी फोन केला, "गाडी वर कुपवाडला आणून लावा." त्यांचं उत्तर, "पाव्हणं, २००५ ला पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलंवतं." कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गल्लीचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, काही राहिलं नाही. अक्का आणि पोरं आमच्याकडं आली, गाडी तिथंच राहिली. नशीब म्हणायचं की त्यांच्या घरापुढं जरा उंचवटा आहे. पाणी निम्म्या चाकापर्यंतच चढलं, आत सीटला लागलं नाही. फक्त गाडी गटाराकडं कललेली उभी होती, म्हणजे उजवी बाजू जास्त बुडाली आणि जास्त दिवस बुडाली.

पूर ओसरल्यावर मी एवढंच म्हणालो की चाकाची बेअरिंग बघून घ्या. दाजी म्हणाले, ती सीलबंद असतात. असतात की. पण ते सील रस्त्यावरच्या पाण्याचे शिंतोडे अडवायला केलेलं असतं, गढूळ पाण्यात दिवसचे दिवस बसायला नाही. पाणी आत शिरलं की ते लगेच बोलत नाही. ग्रीस पांढुरकं पडतं, छर्रे आणि रेस (छर्रे ज्यावर फिरतात ती कडी) जिथं टेकलेले असतात तिथं गंज धरतो, आणि मग काही महिन्यांनी घूं घूं सुरू होतं. तेव्हा पुराची आठवणही कुणाला राहिलेली नसते.

तसंच झालं. दिवाळीनंतर आवाज सुरू झाला. दाजींना वाटलं डावीकडून येतोय, त्यांनी सर्व्हिस सेंटरला तेच सांगितलं, आणि त्यांनीही गिऱ्हाइकाच्या शब्दाचा मान राखून डावं बदललं. आवाज होता तसा. मग म्हणाले, आता टायर बदला.

इथं मी मधे पडलो. रविवारी पहाटे गाडी मिरजेच्या पुढं मोकळ्या रस्त्याला नेली. (पहाटेच जा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागं वीसच्या स्पीडनं चाललात तर बेअरिंग तोंडच उघडणार नाही.) काचा वर, पंखा बंद, गाणी बंद. सत्तरला आवाज आला की क्लच दाबला, इंजिनाचा आवाज खाली आला तरी घूं घूं तसंच, म्हणजे इंजिन नव्हे. मग पुढंमागं कुणी नाही बघून स्टेअरिंग हलकेच डावीकडं, मग उजवीकडं. गाडी डावीकडं वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर येतो. डावीकडं घेतलं की आवाज चढायचा, उजवीकडं घेतलं की जवळजवळ गप्प. दाजी शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "मला तर डावीकडनंच येतोय वाटतंय." वाटणारच. आवाज पत्र्यातनं फिरून येतो. म्हणून तर कानापेक्षा वळणावर विश्वास ठेवायचा.

टायरचंही सांगतो, तुमचा मिस्त्री अगदीच चुकीचा असेल असं नाही. टायर उंचसखल झिजला तर हुबेहूब असाच आवाज येतो. तळहात टायरवरून एकदा पुढं, एकदा मागं फिरवा. एका बाजूनं सरळ जातो आणि उलटा अडतो, तर संशय टायरवर. त्याच बाजूची पुढची-मागची चाकं अदलाबदल करा. आवाज मागं गेला की टायर, पुढंच राहिला की बेअरिंग. काँक्रीटच्या रस्त्यावरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाजाची जातच बदलली तरी टायरच समजा. या सगळ्याला खर्च शून्य. तरी कुणी करत नाही, कारण त्याचं बिल होत नाही.

दाजींच्या गाडीला जॅक लावून चाक वर-खाली धरून हलवलं तर जराही खेळ नव्हता. यावरच लोक फसतात. घूं घूं करणारं बेअरिंग कितीतरी वेळा घट्टच असतं. खेळ यायला लागला म्हणजे फार उशीर झाला. चाक हातानं फिरवत दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला. उजवीकडं बोटांना बारीक कुरकुर लागली, डावीकडं काही नाही. दाजींचाही हात धरून ठेवला. ते म्हणाले, "असंल."

उजवं बेअरिंग आमच्या ओळखीच्या वर्कशॉपला प्रेसवर काढलं. माझ्यासमोर फोडायला लावलं. आतलं ग्रीस चहाच्या गाळासारखं. रेसवर गंजाचे काळे डाग, आणि ते कुठंही पडलेले नव्हते, बरोबर एका छर्र्याच्या अंतरानं एक, ओळीनं. चालत्या गाडीत झीज सगळ्या रेसवर फिरते. असे मोजून ठेवल्यासारखे डाग म्हणजे गाडी एका जागी, पाण्यात, बरेच दिवस उभी होती. दाजींनी ते हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "आजकाल मटेरियलच हलकं येतंय."

नवीन बसवताना तुम्ही उभे राहा. नकलच्या (बेअरिंग ज्यात बसतं त्या घराच्या) खोबणीत दाबताना जोर बाहेरच्या रेसवर पडला पाहिजे. आतल्या रेसवर दाबलं तर छर्र्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घूं घूं करतं. घणानं ठोकणारा असेल तर चहा पिऊन गाडी घेऊन परत या. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर बऱ्याच गाड्यांत सीलमध्ये चुंबकाची रिंग असते, तेवढी बाजू बघून बसवायची, उलटं बसलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो.

थोडं राहिलं. वळणाची खूण बहुतेक वेळा खरी निघते, नेहमी नाही, म्हणून स्प्रिंगवर हात ठेवल्याशिवाय पैसे काढू नका. पूर्ण स्टेअरिंग कापून वळताना टकटक होत असेल तर विषय वेगळा, एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा रबर फाटलाय का बघा. हे मी मोटारीबद्दल लिहिलंय. जुन्या जीपगाडीला छर्र्यांऐवजी टेपर रोलरची (निमुळत्या रुळांची) बेअरिंग असतात, ती नटावर ॲडजस्ट होतात. खर्च विचारलात, पण गाडी कुठली ते लिहिलंच नाही. काही गाड्यांत नुसतं बेअरिंग मिळतं, काहींत अख्खा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) घ्यावा लागतो, फरक बराच पडतो. आणि आवाजाची घरघर झाली, स्टेअरिंग थरथरलं किंवा वळणानंतर ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं, तर गाडी तिथंच उभी करा आणि चाकाचे नटही बघा.

काढलेलं बेअरिंग मागून घ्या आणि बिलावर डावं की उजवं ते लिहून घ्या. दाजींच्या बिलावर नुसतं "फ्रंट व्हील बेअरिंग, १ नग" आहे, जुनं डावं बेअरिंग त्यांनी तिथंच सोडलं. त्यामुळं जेवणावर विषय निघाला की ते आजही म्हणतात, "पहिलंबी गेलेलंच हुतं की."