गिनीपिग एकटा ठेवू नका

पिंजऱ्याआधी जोडीचा विचार करा. गिनीपिग कळपात राहणारा प्राणी. आपण कितीही लाड केले तरी सोबत्याची जागा भरून निघत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून एकटा पाळायला कायद्यानेच मनाई आहे. दोन माद्या घेतलेल्या बऱ्या.

हॅमस्टरसाठी मिळतं तसं पळायचं चाक आणू नका, गिनीपिगच्या पाठीला इजा होते. रोज जमिनीवर मोकळं सोडा, आधी वायरी उचलून ठेवा. लपायला ठेवाल त्या पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन दारं कापा, नाहीतर एक जण दुसऱ्याला आत कोंडतो. सुकं गवत कायम हवंच. त्यात ढोबळी मिरचीचे तुकडे लपवा. शोधाशोध होते आणि क जीवनसत्त्वही मिळतं, जे त्यांचं शरीर स्वतः बनवत नाही. खूश झाले की जागच्या जागी टुणटुण उड्या मारतात, फार गोड दिसतात! उन्हाळ्यात मात्र दुपारी खेळवू नका, उकाडा त्यांना सोसत नाही.