पाच हजारांचा प्रश्न आणि लाखाचा हप्ता

या वेळचं पत्र पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातून आलं आहे. वाचक २८ वर्षांचे, पीएचडीचे विद्यार्थी, मूळ गाव मराठवाड्यात. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, जेआरएफ, आहे, महिना ३७,००० रुपये. पुढच्या महिन्यात दोन वर्षं पूर्ण होऊन तिचा वरचा टप्पा, एसआरएफ, लागेल, म्हणजे ४२,००० होतील. त्यांचा प्रश्न असा: "वाढलेले पाच हजार कोणत्या म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाकू?"

याचं उत्तर एका ओळीचं आहे. कुठल्याच नाही, निदान आत्ता नाही.

खरं दुखणं पत्राच्या खालच्या भागात, जाता जाता आलं आहे. ते लिहितात, "पहिल्या वर्षी नऊ महिन्यांची फेलोशिप एकदम जमा झाली. तेव्हा आमच्या पाहुण्यांतल्याच एका एजंटकडून वर्षाला एक लाखाची पॉलिसी घेतली. बारा वर्षं भरायचं, पंचविसाव्या वर्षी २८ लाख नक्की. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे. सध्या चार महिन्यांची फेलोशिप अडकली आहे, खात्यात ४१ हजार आहेत, पण तो प्रश्न नाही. उरलेले क्रेडिट कार्डावरून काढून भरेन."

अहो, तोच तर प्रश्न आहे!

कार्डावरून रोख काढली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, तेही पहिल्या दिवसापासून. वर्षाचं चाळीसच्या पुढे जातं. आता ते ज्या पॉलिसीत भरणार आहात तिचा परतावा पाहू. वर्षाला एक लाख, बारा वर्षं, आणि पंचवीस वर्षांनी २८ लाख. हिशेब केला तर दर बसतो ४.४ टक्के. चाळीस टक्क्यांनी पैसे उचलून साडेचारच्याही खाली ठेवायचे! आणि "नक्की" हा शब्द ऐकून भुललात म्हणून सांगतो, पीपीएफही सरकारी हमीचंच आहे. त्याचा दर सध्या ७.१ टक्के आहे. तेच बारा लाख तिथे भरून पंचवीस वर्षं ठेवले असते तर ४७ लाखांच्या आसपास झाले असते.

पाहुण्यांनी तुम्हाला आणखी एक गोष्ट विकली. "कर वाचेल." कुणाचा? शिष्यवृत्तीला करातून सूट असते ती बाजूला ठेवू. ती नसती तरी तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत एवढ्यावर कर शून्य, आणि त्या प्रणालीत हप्त्याची वजावटही नाही. ज्याला करच नाही त्याला करबचत विकलेली मी नेहमी पाहतो, आणि दरवेळी चिडतो.

त्याहून वाईट म्हणजे तुम्ही सहज लिहून गेलात की फॉर्म त्यांनीच भरला आणि व्यवसायाच्या रकान्यात "प्राध्यापक, पगार सहा लाख" असं लिहिलं. विमा कायद्याच्या ४५व्या कलमाप्रमाणे पहिल्या तीन वर्षांत अशी खोटी माहिती उघड झाली तर कंपनी दावा नाकारू शकते. म्हणजे आईवडिलांसाठी म्हणून घेतलेलं दहा लाखांचं संरक्षणसुद्धा या काळात डळमळीतच.

पण सगळ्यात मोठी चूक दराची नाही, मुदतीची आहे. तुमच्या उत्पन्नाला शेवटची तारीख आहे. जेआरएफ दोन वर्षं आणि एसआरएफ तीन, एकूण पाच. त्यातली दोन संपत आली. पीएचडीला मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांप्रमाणे सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि समाजशास्त्रात क्षेत्रकार्य करून पाचव्या वर्षी प्रबंध बांधून मोकळे झालेले फार थोडे असतात. सहाव्या वर्षी फेलोशिप नाही. पुढे प्राध्यापक भरती निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवायचं, तेही काम असेल त्या महिन्यांत. या कमाईवर तुम्ही बारा वर्षांचा हप्ता बांधून घेतलात.

तुमचा खर्च भाड्यासकट १८ हजार, घरी पाठवता ८ हजार. एकूण २६. एसआरएफ लागल्यावर महिन्याला १६ हजार उरतात, तीन वर्षांत पावणेसहा लाख. त्यातले तीन लाख सहाव्या वर्षाला लागणार. दीड लाख हाताशी हवेत, कारण तुमचं उत्पन्न महिन्याला येत नाही, पाटाच्या पाण्यासारखं पाळीनं येतं. विद्यापीठाने पोर्टलवर दर महिन्याची नोंद पक्की केली नाही की पैसे थांबतात, हे तुम्ही आता दुसऱ्यांदा भोगताय. एसआरएफसाठी मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि एक बाहेरचा तज्ज्ञ अशी समिती बसावी लागते. तिची तारीख मिळेपर्यंत वाढीव पाच हजार कागदावरच. आधी बचत खात्याला जोडलेल्या मुदत ठेवीत दीड लाख साठवा, मग सहाव्या वर्षाचे तीन लाख, तेही ठेवीतच. हे झाल्यावर एसआयपीबद्दल पुन्हा पत्र लिहा, आनंदाने उत्तर देईन.

पॉलिसीचं काय? दुसरा हप्ता भरू नका. पहिल्या तीस दिवसांत ती परत करता आली असती, ती वेळ गेली. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार मात्र एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर वर्ष सरल्यावर काही सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत येणारी रक्कम, मिळतं. तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे, तेव्हा कंपनीकडून आकडा लेखी मागवा. एजंटकडून नव्हे. तरीही समजू की एक पैसाही आला नाही, पहिला लाख बुडाला. उरलेले अकरा लाख त्याच वेळापत्रकाने पीपीएफमध्ये गेले तर पंचविसाव्या वर्षी ४१ लाख. दर घसरून सहावर आला तरी ३३ लाखांच्या वर. बुडालेला लाख धरूनही २८ मागेच राहतात. शिवाय पीपीएफला कोरड्या वर्षी पाचशे रुपये भरले तरी खातं चालू राहतं. पॉलिसीला हे चालत नाही.

एक गोष्ट तुम्ही तक्रार म्हणूनही लिहिली नाही. नऱ्ह्यात ६,५०० ची खोली घेऊन राहता, पण घरमालक सही देत नाही म्हणून घरभाडे भत्ता घेतलाच नाही! जेआरएफला वसतिगृह नसेल तर केंद्राच्या दराने घरभाडे मिळतं. फेलोशिपच्या चोवीस टक्के धरले तरी महिन्याला ८,९०० होतात. वर्षाला लाखाच्या वर. म्हणजे पॉलिसीचा अख्खा हप्ता तुम्ही विद्यापीठातच सोडून येता. मात्र विद्यापीठाने वसतिगृह दिलं आणि तुम्ही नाकारलं असेल तर हा हक्क जातो, ते आधी तपासा. घरमालक सही देत नसेल तर सही देणारा घरमालक शोधा.

ताजा कलममध्ये बहिणीबद्दल विचारलंय: तिला जेआरएफ नाही, पीएचडीसाठी शैक्षणिक कर्ज काढावं का? नको. सरकारी विद्यापीठात फी थोडी असते, खर्च असतो तो जगण्याचा, आणि पाच वर्षं चढत जाणारं व्याज फेडायला समोर नोकरी दिसत नाही. प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप पाहा. रक्कम चांगली आहे, पण त्यासाठी विद्यार्थ्यांना वारंवार उपोषणाला बसावं लागलंय, हे धरून चाला. सामाजिक शास्त्रं असतील तर आयसीएसएसआर या केंद्राच्या सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेची महिना २० हजारांची फेलोशिप आहे. नेट नसलेल्यांना मिळणारे आठ हजार केंद्रीय विद्यापीठांत मिळतात, राज्याच्या विद्यापीठात शोधत बसू नका. आणि तिचं वय बसत असेल तर आणखी एकदा नेटला बसवा. सहा महिने अभ्यासात गेले तरी पाच वर्षांचा प्रश्न सुटतो.

हप्त्याच्या तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते. त्या तीस दिवसांत पाहुण्यांचा रोज फोन येईल. उचला, जेवलात का विचारा, हप्ता भरू नका.