मोत्झार्टची ‘आवे वेरुम कोर्पुस’ मेजरमध्ये असूनही करुण का वाटते, आणि ती किती गतीने गावी?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: ही लॅटिन भक्तिरचना डी मेजरमध्ये (मेजर म्हणजे सहसा प्रसन्न वाटणारी स्वरपट्टी, मायनर म्हणजे सहसा करुण वाटणारी) असताना ती ऐकून मन इतके गंभीर का होते, आणि वर ‘अदाजिओ’ (संथ गतीत) लिहिलेले असल्यामुळे वृंदाने ती किती संथ गावी. मी एका हौशी गायनवृंदात बास (पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज) गातो आणि ही रचना अनेकदा गायलो आहे. माझ्या मते तिचा भाव मेजर की मायनर या निवडीतून येत नाही. शांत मेजरमध्ये मोजक्या ठिकाणी आणलेल्या परक्या स्वरांतून तो येतो, आणि गती ठरवतानाही हे स्वर ऐकू येतील एवढीच काळजी घ्यावी लागते.

रचना अवघ्या 46 मापांची (माप म्हणजे तालाचा एक ठरावीक खंड) आहे. 17 जून 1791 ही तारीख घातलेली ही रचना मोत्झार्टने व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावातील वृंदप्रमुख आंटोन श्टोल यांच्यासाठी, ख्रिस्तदेहाच्या सणाच्या सुमारास लिहिली. लहान गावाचा वृंद डोळ्यांसमोर असल्यामुळे असेल, पण चार स्वरगट, तंतुवाद्ये आणि ऑर्गन एवढाच तिचा संच आहे, आणि कोणत्याही स्वरगटाला गळ्याची कसरत करावी लागत नाही.

डीला षड्ज मानले, तर मेजर म्हणजे आपल्या बिलावल थाटाचे स्वर. पण सोप्रानोची, म्हणजे सर्वांत वरच्या स्वरगटाची, पहिलीच ओळ पहा. ‘आवे’ या शब्दाची पुनरुक्ती होताना ती पंचमावरून तीव्र मध्यमावर आणि तिथून लगेच शुद्ध मध्यमावर उतरते. दोन्ही मध्यम असे लागोपाठ आल्याने शांत सुरुवातीतच एक सूक्ष्म वेदना मिसळते, आणि ती कशामुळे आली हे श्रोत्याला बहुधा कळतही नाही. मला विचाराल तर सगळ्या रचनेचा भाव या अर्ध्या स्वराच्या उतरणीत सांगून झाला आहे.

पुढे ‘माणसासाठी क्रुसावर बळी गेला’ या ओळीपर्यंत संगीत पंचमाच्या स्वरपट्टीत, म्हणजे ए मेजरमध्ये, सरळ मार्गाने पोहोचते. खरे वळण त्यानंतर आहे. ज्याच्या भेदलेल्या कुशीतून पाणी आणि रक्त वाहिले, अशा अर्थाच्या ओळीत मोत्झार्ट एफ मेजरकडे वळतो, म्हणजे मूळ षड्जाच्या कोमल गंधारावर नवा षड्ज मांडतो. स्वरपट्टी अजूनही मेजरच आहे, आवाजही वाढलेला नाही, तरी प्रकाश बदलल्यासारखा वाटतो. तिथून डी मायनरची छाया घेऊन संगीत घरी परतते, आणि मृत्यूच्या कसोटीच्या वेळी सोबतीची याचना करणाऱ्या शेवटच्या ओळींत सोप्रानो-आल्टो (वरचे दोन स्वरगट) पुढे आणि टेनर-बास (खालचे दोन) त्यांच्या मागोमाग असे अनुकरण सुरू होते. तोवर सगळे स्वरगट बहुतेक एकत्रच अक्षरे उच्चारत असल्यामुळे हा छोटासा पाठलाग फार परिणामकारक ठरतो.

तुलनेसाठी इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डने 1605 मध्ये प्रसिद्ध केलेली याच लॅटिन शब्दांची रचना जरूर ऐका. तिचा रंग मायनरचा आहे आणि ‘वेरुम’ या शब्दावरच ती शुद्ध आणि कोमल अशा दोन रूपांतला एकच स्वर वेगवेगळ्या स्वरगटांत लागोपाठ ठेवते. बर्ड वेदना उघड दाखवतो, मोत्झार्ट झाकून ठेवतो. 1791 मध्येच मोत्झार्टने अपुऱ्या ठेवलेल्या ‘रेक्विएम’ची (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताची) सुरुवातही अदाजिओ आणि डीवरच आहे, पण ती मायनरमध्ये, दोन्ही लागोपाठ ऐकल्यास या रचनेतील संयम अधिक जाणवतो.

आता गतीविषयी. मोत्झार्टच्या काळी मेट्रोनोम (मिनिटाला ठरावीक ठोके देणारे यंत्र) अस्तित्वात नव्हता, योहान मेल्झेलने त्याचे पेटंट घेतले 1815 मध्ये. त्यामुळे छापील प्रतीवर आकडा दिसला तर तो संपादकाचा समजावा. महत्त्वाचे हे की अदाजिओबरोबर तालाची खूण प्रत्येक मापात दोन ठोक्यांची आहे. वृंदचालकाने चार ठोके द्यायला सुरुवात केली की प्रत्येक अक्षर सुटे पडते, मधला श्वास अपुरा पडतो आणि वृंदाचा सूर खाली घसरू लागतो. मिनिटाला साधारण 30 मोठे ठोके धरले, तर 92 ठोक्यांची ही रचना तीन मिनिटांच्या किंचित पुढे संपते. मी 26 पर्यंतची गती मान्य करीन, म्हणजे साडेतीन मिनिटे. त्याहून संथ गायन भक्तिपूर्ण वाटण्याऐवजी थकलेले वाटते.

आवाजाच्या बाबतीत मोत्झार्टने एकच सूचना लिहिली आहे, सुरुवातीची ‘सोत्तो वोचे’, म्हणजे दबक्या आवाजात. मधले चढउतार बहुधा नंतरच्या आवृत्त्यांनी घातलेले असतात. ते पूर्णपणे टाळावेत असे मी म्हणणार नाही, कारण अखेरीस ‘मोर्तिस’ (मृत्यूच्या) हा शब्द लांबवताना आवाज आपोआप फुलतो. पण एफ मेजरच्या वळणावर जोर देण्याचा मोह मात्र आवरावा. तिथे स्वरच पुरेसे बोलतात. आणि शब्द संपल्यावर तंतुवाद्यांची शेवटची मापे बाकी असतात, त्यामुळे गती मंद करायचीच असेल तर ती वृंदाच्या शेवटच्या शब्दावर नव्हे, त्या मापांत करावी.