सुट्टीचा प्रवास आणि मागच्या सीटवरचा पट्टा

प्रश्न : सुट्टीत आम्ही सर्व कुटुंबीय मोटारीने लांबच्या प्रवासाला निघणार आहोत. पुढे बसणारे दोघे सीटबेल्ट लावतात. परंतु मागे बसणाऱ्या ज्येष्ठांना तो काचतो आणि चार वर्षांची नात आजीच्या मांडीवरच झोपते. समोर पुढच्या सीटची आड आहे, शिवाय गाडीत एअरबॅग आहेत, तेव्हा मागे पट्ट्याचा आग्रह कशाला, असे घरात म्हटले जाते. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, आणि निघण्यापूर्वीच आपण हे विचारलेत, याचे मला समाधान वाटते.

ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या भिंतीवर आदळली, तर ती क्षणार्धात थांबते. मात्र आत मोकळा बसलेला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोर जे येईल त्यावर आदळतो. हा आघात सुमारे 10 मीटर उंचीवरून खाली पडण्याइतका असतो. मागच्या प्रवाशासमोरची ‘आड’ म्हणजे पुढच्या माणसाची पाठ असते, त्यामुळे मागच्याने पट्टा न लावल्यास पट्टा लावलेल्या पुढच्या माणसाचाही जीव धोक्यात येतो. पुढच्या एअरबॅगचा मागे बसणाऱ्यांना उपयोग नाही, आणि पुढे बसणाऱ्यांसाठीही त्या पट्ट्याच्या जोडीने काम करण्यासाठीच बनवलेल्या असतात.

नातीविषयी मला अधिक काळजी वाटते. अशा धडकेत शरीराला बसणारा झटका त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट असू शकतो. म्हणजे 16 किलोच्या मुलीला धरून ठेवायला 300 किलोंहून अधिक भार पेलावा लागेल. आजीची माया कितीही घट्ट असली, तरी हात तो भार पेलू शकत नाहीत. एकच पट्टा दोघींभोवती घेणे तर त्याहून घातक, कारण मोठ्या माणसाच्या शरीराचा सारा दाब मुलावर येतो. तिच्या वजन-उंचीला साजेशी बालआसने मिळतात. तिला त्यातच, मागच्या सीटवर बसवावे. झोप तिथेही लागते, पहिला अर्धा तास कुरकुर होईल इतकेच.

पट्टा काचतो तो बहुधा चुकीच्या जागी असल्यामुळे. खालचा भाग पोटावर न ठेवता कमरेच्या हाडांवर सपाट बसवावा आणि तिरका भाग मानेला न घासता खांद्याच्या मध्यावरून, छातीवरून जावा. काखेखालून किंवा पाठीमागून तो कधीही घेऊ नये. निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने 1959 मध्ये व्होल्वोसाठी तयार केलेल्या या तीन बिंदूंच्या पट्ट्याचे सारे मर्म असे आहे, की धक्का शरीराच्या मजबूत हाडांवर वाटला जावा. म्हणूनच सीट फार मागे कलवून झोपणेही धोक्याचे ठरते, कारण अशा वेळी शरीर पट्ट्याखालून सरकते आणि पट्टा पोटात रुततो.

मुक्कामी पोहोचल्यावर जवळच्या फेरफटक्यांना पट्टा टाळण्याचा मोह होतो, परंतु वर सांगितलेला वेग गावातल्या रस्त्यावरही सहज गाठला जातो. निघण्याच्या आदल्या दिवशी मागच्या सीटच्या फटीत दडलेली, पट्टा अडकवायची कुलपे (बकल) बाहेर काढून प्रत्येक पट्टा अडकतो का, हे पाहावे. माणसे पट्ट्यांपेक्षा जास्त होत असतील, तर दुसऱ्या वाहनाची सोय आताच करावी.